बर्फ वितळायच्या आत

चार वाजून दहा मिनिटांनी पंख्यानं
सवयीनं दोन गिरक्या घेतल्या, आणि थांबला.
फ्रीजची घरघर बंद पडली
तेव्हा कळलं, इतका वेळ तीही सुरात होती.

एउफ्रासियाबाईंनी काउंटरवर पेला पालथा आपटला :
"वीज गेली. उद्याशिवाय यायची नाही.
आत एकशे चाळीस बाटल्या आहेत
आणि बर्फ आहे सातापर्यंत.
अर्ध्या किमतीत घ्या. उधारी नाही.
निकानोर, मी तुझ्याकडेच बघतेय."

निकानोर समुद्राकडे बघू लागला.

अशा बातमीला पाय लागत नाहीत.
जाळी तशीच टाकून आले कोळी,
कोपरापर्यंत खवले, चमचमणारे.
दवाखान्यातली नर्स आली पांढऱ्या बुटांत,
मागोमाग तिचा पेशंट, हाताला प्लास्टर,
"डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय," म्हणाला.
शाळेतले गणिताचे मास्तर आले आणि उभ्या उभ्या
माणशी किती बाटल्या येतात ते मोजू लागले;
दर मिनिटाला उत्तर चुकत होतं,
माणसं येतच होती.

बस चुकलेली मी
मिठाच्या पोत्यावर बसले होते, खुर्ची कुठली मिळायला.
कुणीतरी माझ्या हातात एक बाटली दिली,
कुणीतरी मांडीवर बशी :
लिंबात मुरलेला मासा, वर कच्चा कांदा,
आणि अशी मिरची की दोन्ही कानांत
एकदम घंटा वाजली.
शेजारची म्हातारी खूश झाली माझ्या डोळ्यांतल्या पाण्यावर.
"आता तू इथली," म्हणाली,
आणि माझ्याच बशीतून खाऊ लागली.

मग ट्यूबा आला.
आधी पितळेचं ते अगडबंब तोंड दारातून आत शिरलं,
त्यात अख्खा मावळता सूर्य मावलेला,
आणि बऱ्याच वेळानं मागून एरिबेर्तो,
वय पंधरा, काडीसारखा,
एवढा वारा कुठे साठवतो देव जाणे.
त्यानं पहिला सूर सोडला
तशा टेबलावरच्या लिंबाच्या फोडी सरकल्या,
झावळ्यांच्या छपरातून वाळू गळली,
आणि वर बसलेला पेलिकन
शिव्या देत उडाला.

ओपनर एकच.
दुसरा गेल्या नाताळात समुद्रात पडला होता.
तो हातोहात फिरत होता,
नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून, कुणाच्या दातांतून,
आणि फिरत फिरत आला कासिमिरोच्या हातात.
शेजारी लासारो. सख्खा भाऊ.
बोटीचं इंजिन विकण्यावरून अकरा वर्षं अबोला.
ट्यूबा वाजत होता. नर्सनं बूट काढले होते.
कासिमिरोनं ओपनर धरून ठेवला,
इतका वेळ, की मागचे ओरडू लागले.
मग तिकडे न बघताच :
"घे."
"आण."
एवढंच. मी तिथंच होते.
म्हातारी म्हणाली, "इंजिन तसंही भिकार होतं."

सात वाजले. बर्फाचं पाणी झालं,
एउफ्रासियाबाईंनी ते बादलीनं
नाचणाऱ्यांच्या पायांवर ओतलं.
काळोखात कोण कुणाबरोबर नाचतंय कळेना,
मास्तरांचा हिशोब भिजला,
निकानोर काउंटरच्या आत शिरून पेले विसळत होता,
बहुतेक जुन्या उधारीपोटी.

आणि मग, कुणी मागितलेली नसताना,
वीज आली.
पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सगळे
जिथल्या तिथे, लाजल्यासारखे :
कुणाचा हात कुणाच्या कमरेवर,
कुणाचा बूट कुणाच्या टेबलावर,
दोन भाऊ एकाच बाकावर.

"बंद कर!" अख्खं गाव ओरडलं.
एउफ्रासियाबाईंनी खटका पाडला.

एरिबेर्तोनं श्वास भरून घेतला.
माझ्या हातातली बाटली
कोमट झाली होती, झाकणासकट.
ओपनर माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता,
आणि मला हे आत्ता कळत होतं.